अकरा बाटल्या

सिस्टरच्या रजिस्टरात एकाही बाईचं नाव नव्हतं.

सहा वर्षं ती त्या परमुलखातल्या दवाखान्यात बसत होती. दर मंगळवारी शंभर-सव्वाशे बाया-पोरं तपासायची आणि रजिस्टरात लिहायची: "नकटी, पोराला ताप." "जुळ्यांची आई, खोकला." "दात पुढे." "बडबडी." "परत आली." का, तर म्हणे तिथली नावं देवनागरीत बसत नाहीत. घशाच्या तळातून काढायचे दोन-तीन आवाज तिच्या जिभेला कधी जमलेच नाहीत. पहिल्या महिन्यात तिनं चार-पाच नावं विचारली, उच्चारून बघितली, आणि सगळा व्हरांडा पोट धरधरून हसला. त्या दिवसापासून तिनं विचारणं सोडलं. पुढच्या खेपेला विचारू, असं स्वतःला सांगत सहा वर्षं काढली. रजिस्टर मराठीत, आणि त्या अख्ख्या मुलखात मराठी वाचणारं दुसरं कोणी नाही. मग काय, लिही मनाला येईल ते.

लोकांना वाटतं, सेवेला गेलेल्या माणसाचं मन धुतल्या तांदळासारखं असतं. नसतं. ते तुमच्या-माझ्यासारखंच असतं, फक्त वर पांढरा झगा असतो.

त्या शुक्रवारी सकाळी दवाखान्याचं दार उघडतंय तोच नकटी आली. खांद्यावर दोन वर्षांचं पोर, ओल्या फडक्यासारखं लोंबलेलं. दाईनं त्याला टेबलावर निजवलं आणि डोळ्याची खालची पापणी ओढली.

"बाई, हे बघा. हळद फासलीय जशी."

दाई म्हणजे दवाखान्याची जुनी बाई. अर्धं खोरं तिच्या हातांवर जन्मलेलं. दवाखान्यात ती झाडू मारायची, दुभाषाचं काम करायची आणि वेळ मिळेल तेव्हा सिस्टरचे वाभाडे काढायची. मंगळवारी मात्र ती एका अडलेल्या बाळंतिणीकडे गेली होती आणि सिस्टर दिवसभर एकटीच होती.

"औषध दिलं नाहीस का?" सिस्टरनं विचारलं.

"दिलं की!" नकटीला राग आला. "तुम्ही शिकवलंत तसंच. झाकणभर, दिवसातून चारदा. एक पाळी चुकवली नाही मी. उठून उठून दिलं."

तिनं कमरेच्या पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली, शाळेतलं पोर गृहपाठ दाखवतं तशी.

बाटली नेहमीसारखीच होती. तोच नारिंगी रंग, तसंच पांढरं झाकण. नव्या खोक्यातली. मागच्या आठवड्यात देणगी म्हणून तीन खोकी आली होती, कुठल्या तरी तिसऱ्याच देशातून. लेबल तिथल्या भाषेत. पण आकडा? आकडा तर कुठल्याही भाषेत वाचता येतो. जुन्या बाटलीवर एकशेवीस होता. हिच्यावर पाचशे. औषध तेच, पण चौपटीहून जास्त तेज. झाकणभर दिलं की चार झाकणं पोटात. दिवसातून चारदा, तीन दिवस. ताप उतरवणारं औषध असं दिलं की पोराचं यकृत आतून जळतं.

मंगळवारी तिनं खोकं फोडलं, बाटल्या मांडल्या आणि वाटल्या. आकडा बघितला नाही. दुसरी कसलीही सबब नव्हती, आणि हे तिलाही पक्कं ठाऊक होतं.

ती बाटली घेऊन तशीच फादरच्या खोलीत गेली. फादर खोक्यांबद्दल आभाराचं पत्र लिहीत बसला होता. शेजारी फोटो होता: सिस्टर, हातात नारिंगी बाटली, आजूबाजूला पोरं.

सगळं ऐकून घेतल्यावर त्यानं आधी दार लावलं.

"कावीळच आहे ना? मग कावीळ म्हणून लिही. इथं कावीळ असतेच."

"ही कावीळ मी बाटलीत भरून दिलीय, फादर."

"हळू बोल."

"गाडी द्या. शहरातल्या मोठ्या इस्पितळात ह्याच्यावरचा उतारा असतो. आज लावला तर पोर वाचेल. आणि अशा अकरा बाटल्या गेल्यात. एक आली, दहा बाहेर आहेत."

फादर वाईट माणूस नव्हता. भित्रा होता. दवाखाना बंद पडेल, लोक दगड मारतील, वरून विचारणा होईल, हे सगळं त्याच्या तोंडावर एका मागोमाग एक येऊन गेलं. मग त्यानं किल्ली काढून दिली.

"गाडी ने. पण वाड्या-वाड्यांवर जाऊन बोंब ठोकू नकोस. बाटल्या बदलून देतोय, एवढंच सांग."

ड्रायव्हरनं गाडी दारात लावली. नकटी पोराला घेऊन मागं बसली. ड्रायव्हरनं आरशातून मागची रिकामी बाकडी बघितली आणि डोकं बाहेर काढलं.

"सिस्टर, अजून कोणी आहे का न्यायचं? चार माणसं आरामात बसतील. एकदा गेलो की उद्याशिवाय येत नाही मी."

सिस्टरच्या हातात रजिस्टर होतं. मंगळवारचं पान उघडं होतं. तापाच्या अकरा नोंदी. सगळ्यात खालची तिनं वाचली आणि वरून बोट फिरवलं.

"नाही," ती म्हणाली. "जा तू."

गाडी गेली.

आता त्या शेवटच्या नोंदीचं सांगितलं पाहिजे, कारण ती लपवून गोष्ट सांगणं म्हणजे फादरनं कावीळ लिहिण्यासारखंच आहे. नोंद अशी होती: "वासाची. पोरगी. ताप."

वास कसला, हे सिस्टरला जगातल्या कुठल्याही माणसापेक्षा चांगलं ठाऊक होतं. चुन्याचा, झाडांच्या भिजलेल्या सालींचा आणि कुजत्या कातड्याचा वास. दवाखान्याच्या खाली, नदीकाठी, वीस मिनिटांच्या वाटेवर कातडी कमावायची कुंडं होती. तिथं काम करणारी माणसं चुकून कधी दवाखान्यात यायची. ती आली की व्हरांड्यातली रांग आपोआप दुभंगायची.

सिस्टरचा बाप मायदेशी हेच काम करायचा. तिची आई त्याला आधी अंगणात न्हाऊ घालायची, मगच घरात घ्यायची, तरी वास जायचा नाही. तो भिंतींत होता, गोधड्यांत होता, पोरांच्या केसांत होता. शाळेत मास्तर हजेरी घ्यायचे. तिचा नंबर आला की नाव न घेता नुसता नाकाला रुमाल लावायचे. पोरं समजायची. तीही समजायची आणि म्हणायची, "हजर." पुढं मिशनच्या बोर्डिंगात गेली, तिथं पहिल्यांदा तिला कोणी नावानं हाक मारली, आणि ती नर्स झाली, सिस्टर झाली, समुद्रापार आली. ती अजूनही रोज दोनदा अंघोळ करायची. कोपरं दगडानं घासायची.

मंगळवारी, दिवस कलता कलता ती बाई टेबलासमोर आली. वास आला. सिस्टरनं मान वळवली. हात लांब करून बाटली पुढं सरकवली, "झाकणभर, चारदा," म्हणाली आणि "पुढची" म्हणून हाक मारली. पोरीचं अंग हातानं बघितलंसुद्धा नाही. चेहरा तर नाहीच.

आणि शुक्रवारी सकाळी, नऊ वाड्या वर डोंगरात आणि एक जागा खाली पायाशी असताना, ती दाईला म्हणाली, "आधी लांबच्या करू."

ऐकायला शहाणपणाचं वाटतं. तिलाही तेव्हा तसंच वाटलं.

दाईनं चपला घातल्या. "नावं सांगा. कोणाकोणाकडे जायचंय?"

"नावं नाहीत."

"म्हणजे?"

"मी... खुणा लिहिल्यात."

"मग खुणा सांगा."

चढण चढता चढता सिस्टर त्या खुणा तिथल्या भाषेत सांगू लागली. परक्या भाषेत शिवी फार उघडी पडते. आपल्या भाषेत आपण ती मऊ कापडात गुंडाळून ठेवतो. परक्या भाषेत गुंडाळायला कापड नसतं.

"बडबडी," ती म्हणाली.

"हे तर अर्धं खोरं झालं. पहिल्या वाडीपासून विचारत जाऊ. पुढं."

"दात पुढे."

"गिरणीवाल्याची थोरली सून. पुढं."

"सवतीसारखी बघते."

दाई थांबली. "असं लिहिलंय?"

"हो."

"ती बघतेच तशी. जन्मापासून. मीच तिला बाहेर काढली, तेव्हाही माझ्याकडे तशीच बघत होती." आणि दाई चालू लागली. थोडं पुढं गेल्यावर तिनं वळून न बघता विचारलं, "माझं काय लिहिलंय?"

"कुठं?"

"बाई, माझ्या गुडघ्याचं औषध मी दोनदा नेलंय तुमच्याकडून. काय लिहिलंय?"

सिस्टरनं रजिस्टर छातीशी धरलं.

"बोला."

"तोंडाळ."

"बरं," दाई म्हणाली. "तोंडाळ तर तोंडाळ. दुसऱ्याच्या हातात वही गेली की आपण काय होऊ, सांगता येत नाही."

मग दारं ठोठावणं सुरू झालं. फादरचं बोलणं सिस्टरनं पहिल्याच दारात टाकून दिलं. "बाटली बदलायला आलेय" म्हटल्यावर बडबडी म्हणाली, "ठेवा दुसरी तिथं, पहिली संपली की घेईन," आणि दार लोटू लागली. तेव्हा सिस्टरनं दारात पाय घातला आणि तोडक्यामोडक्या भाषेत ओरडली, "त्यात विष आहे! मी दिलंय!"

पुढच्या वाडीत त्यांच्या आधी बातमी पोचली होती, विषाची आणि दाई दारोदार विचारत होती त्या खुणांचीही.

बडबडीच्या पोराचा ताप पहिल्याच दिवशी उतरला होता, म्हणून औषध बंद. वाचलं. जुळ्यांच्या आईनं एक झाकण दोघांत वाटून दिलं होतं, काटकसर म्हणून. दोघं अंगणात एकमेकांचे केस ओढत होती. एकीनं बाटली सासूला देऊन टाकली होती. सासूला गोडी लागली होती, पण थोराचं शरीर, निभावलं. दात पुढेवाली चांगलीच भडकली.

"गिरणीवाल्याची सून म्हणून विचारत आलात की दात पुढे म्हणून? खरं सांगा. वरच्या वाडीतून कळलंय मला."

दाईनं सिस्टरकडे बघितलं. सिस्टरनं मान खाली घातली.

"दात पुढे म्हणून," ती म्हणाली.

"मग ह्याच दातांनी सांगते. पोर माझं बरं आहे. बाटली ही घ्या. आणि परत माझ्या दारात येऊ नका."

बाटली अंगणात आली ती फेकूनच. फुटली नाही. सिस्टरनं उचलून पिशवीत टाकली. मागं कोणी तरी खडा मारला, तो पाठीला लागला. तिनं वळून बघितलं नाही. नवव्या दारात बाटली मिळायला फार वेळ गेला, कारण "परत आली" म्हणजे कोण हे कोणालाच कळेना. परत तर सगळ्याच येत होत्या. शेवटी तीन घरं उलटीपालटी केल्यावर ती फळीवर सापडली, न फोडलेली.

उन्हं कलायला लागली होती. दाई एका दगडावर बसली आणि गुडघे चोळू लागली.

"नऊ झाल्या. नकटीची एक, दहा. अकरावी कोण?"

"नीट आठवत नाही."

"लिहिलंय काय ते वाचा."

सिस्टरनं वाचलं.

दाईचे हात गुडघ्यांवर थांबले. "कसला वास?"

सिस्टरनं रजिस्टर मिटलं.

"बाई, कसला वास?"

"कातड्याचा."

"खाली कुंडांवरची?" दाई उठून उभी राहिली. "ती तर दवाखान्यातून हाक मारली तर ऐकू येईल एवढ्यावर आहे! सकाळी गाडी उभी होती तेव्हा..." तिनं सिस्टरच्या तोंडाकडे बघितलं आणि वाक्य तिथंच सोडलं. तिला सगळं कळलं होतं. कारण नव्हे, ते तिला कुठून कळणार? पण सिस्टरला आठवत होतं, हे कळलं. तोंडाळ बाई सिस्टरकडे पाठ करून उतरणीला लागली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सिस्टर धावत होती. झगा दोन ठिकाणी फाटला. वास वळणावरच भेटला, नदीच्याही आधी. तिचे पाय आपोआप मंदावले आणि तिनं स्वतःच्या मांडीवर मूठ मारली, बैलाला मारावी तशी.

कुंडांवर सात-आठ बाया लाकडी ओंडक्यांवर कातडी पसरून खरवडत होत्या. हात कोपरापर्यंत पांढरे, चुन्यानं भेगाळलेले. सिस्टरनं एकेकीच्या तोंडाकडे बघितलं. कोण, ते तिला सांगता येईना. मंगळवारी तिनं बघितलंच नव्हतं.

"मंगळवारी," ती धापा टाकत म्हणाली, "दवाखान्यात... पोरगी घेऊन... कोण आली होती?"

एकीनं खरवडणी खाली ठेवली. तिशीही उलटली नसेल. गालावर खळी होती. बोलण्याआधी ती दोन पावलं मागं सरकली, आपला वास सिस्टरपर्यंत जाऊ नये म्हणून.

"मी."

"पोरगी कुठंय?"

पोरगी कातड्यांच्या सावलीत दुमडलेल्या पोत्यावर झोपली होती. दीड वर्षांची असेल. सिस्टरनं तिला उचललं. मान मागं गेली. डोळे उघडून बघितले: पिवळे. पोटाला उजवीकडे हात लावला तशी पोरगी झोपेतच कण्हली. शेजारी बाटली होती, तळापर्यंत रिकामी.

"किती दिलंस?"

"झाकणभर. चारदा." मग ती अडखळली. "काल पाचदा. रडायची फार. औषध दिलं की झोपायची. मला काम होतं."

"उलट्या?"

"पहाटेपासून."

"मग आणली का नाहीस?" सिस्टर किंचाळली. "वीस मिनिटं लागतात! सकाळी का नाही आणलीस?"

बाई कावरीबावरी झाली. आपली मोठी चूक झाली असं वाटून ती घाईघाईनं सांगू लागली. "आणणारच होते, सिस्टर. निघालेच होते. पण मंगळवारी तुम्हाला माझा त्रास झाला ना. मी बघितलं. म्हणून म्हटलं, आधी नीट अंघोळ करू, कपडे धुऊ, वाळले की जाऊ. चुना लवकर सुटत नाही. दोनदा घासलं, तरी गेला नाही. मग मुकादम आला, म्हणाला, आधी हा ढीग संपव." तिनं दोरीकडे बोट दाखवलं. दोरीवर एक झगा वाळत होता. "आता वाळत आलाय."

सिस्टर पोरीला तशीच घेऊन फाटकाकडे धावली.

कुंडांच्या फाटकाशी कातड्यांची लॉरी भरून उभी होती, शहराकडे निघायच्या बेतात. दाई लॉरीसमोर जाऊन दोन्ही हात पसरून उभी राहिली. पुढं मालक आणि त्याचा मेहुणा बसले होते. मालक म्हणाला, "पुढं जागा नाही." मेहुणा हलला नाही. मालकही हलला नाही. दाईनं त्या दोघांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मग सिस्टरला मागून वर ढकललं. "चढा बाई. कातड्यांवर बसा. मेलेली जनावरं ह्या दोघांपेक्षा बरी."

लॉरी हलली. ओल्या कातड्यांच्या थप्पीवर सिस्टर, आई आणि मध्ये पोरगी. प्रत्येक खड्ड्याला कातडी सरकत होती आणि खालून पाणी सुटत होतं. सिस्टर पोरीला कुशीवर धरून होती, उलटी झाली तर घशात अडकू नये म्हणून. नाडी मोजत होती. प्रार्थना करावी असं तिला वाटलं, पण पहिलाच शब्द तोंडात आला आणि लाजून परत गेला.

बऱ्याच वेळानं आई म्हणाली, "आज तुम्हाला त्रास होत नाही?"

"कसला?"

"वासाचा. वर अख्खा ढीग आहे आणि तुम्ही तोंड फिरवलं नाहीत."

सिस्टर पोरीच्या कपाळाकडे बघत राहिली. "माझा बाप हेच काम करायचा," ती म्हणाली. "लहानपणी मी अशाच ढिगावर झोपायचे."

आईनं पोरीचं तोंड पुसलं.

"मग?" ती म्हणाली.

एवढंच. ओरडून नाही, टोचून नाही. खरोखरच समजत नव्हतं म्हणून विचारलं. ज्याला पाय पोळतात ते माहीत आहे, त्यानंच दुसऱ्याच्या पायाखाली निखारा का सरकवावा, ह्याचं उत्तर बोर्डिंगात शिकवलेलं नव्हतं आणि सहा वर्षांच्या प्रवचनांतही आलं नव्हतं.

रात्र पडल्यावर इस्पितळ आलं. मुलांच्या वॉर्डात भिंतीकडच्या खाटेवर नकटीचं पोर होतं, हाताला सलाईन, डोळे उघडे. ते पाण्यासाठी रडत होतं. नकटी त्याला चमच्यानं पाणी पाजत होती. तिनं सिस्टरला बघितलं आणि चमचा तसाच हातात राहिला.

डॉक्टर पोरसवदा होता, दिवसभराच्या कामानं सुकलेला. त्यानं पोरीला तपासलं, बाटली बघितली, नर्सला भराभर सांगितलं. उताऱ्याचं औषध चढवायला घेतलं. शीर सापडेना. सिस्टरनं पोरीचा पाय धरला, घट्ट, सुई हलू नये म्हणून. सुई लागली तरी पोरगी रडली नाही. डॉक्टरनं सिस्टरकडे बघितलं. दोघांनाही त्याचा अर्थ कळत होता.

"उशीर झालाय," तो हळूच म्हणाला. "लावतो. पण आशा ठेवायला सांगू नका आईला. यकृत राहिलेलं नाही." मग त्यानं नकटीच्या खाटेकडे बघितलं आणि त्याच्या आवाजात धार आली. "तो बघा. तेच औषध, तेवढेच दिवस. दुपारी आला म्हणून वाचला. तुमचीच गाडी ना ती? मागची बाकडी रिकामी होती, मी स्वतः बघितली. हिला त्याच गाडीत का नाही आणलं?"

आईनं सिस्टरकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत अजून आरोप नव्हता. उलट, सिस्टर आता काही तरी सांगेल, रस्ता खराब होता म्हणेल, माहीत नव्हतं म्हणेल, असा एक विश्वास होता. सांगता आलं असतं. डॉक्टरनं मान डोलावली असती, आईनंही. माहीत नव्हतं हे अर्ध्यानं खरंही होतं.

"मला माहीत होतं ती कुठं राहते," सिस्टर म्हणाली. तिथल्या भाषेत, सावकाश, आईला प्रत्येक शब्द कळेल असं. "गाडी दारात होती. घडीभर थांबली असती तर झालं असतं. ड्रायव्हरनं विचारलंही. मी नाही म्हटलं. मला तिच्या घरी जायचं नव्हतं. तिला मी शेवटी ठेवलं."

नकटीच्या हातातला चमचा भांड्यात पडला.

आई खाटेच्या ह्या बाजूला आली. चुन्यानं भेगाळलेला हात तिनं पोरीच्या पायावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं सिस्टरची बोटं एकेक करून सोडवली.

"मी धरते," ती म्हणाली. "तुम्ही सरका."

सिस्टर सरकली.